लांब पायांची सोबत

११ सप्टेंबर
पोहोचले एकदाची! पांढरकवड्याला हायवे सोडल्यापासून रिक्षाने हाडं खिळखिळी केली, पण घर पाहिलं आणि सगळं माफ. दोन खोल्या, वर कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन, मागे कपाशी आणि त्यापलीकडे जंगल. नागपूरच्या आमच्या घरात पाच माणसं आणि एक बाथरूम; इथे अख्खं घर माझं. नाचावंसंच वाटलं.

घरमालकीण तुळसाबाई शेजारी राहतात. 'मधुवंती' त्यांना फार लांब वाटलं, म्हणून चहा संपायच्या आत मी मधू झाले आणि त्या मावशी झाल्या. दिवेलागणीला पाहते तर त्या गोधडी काखोटीला मारून दारात. सोबतीला निजायला आल्या म्हणे. इकडे घरात कुणी एकटं पडलं की शेजारचं माणूस झोपायला येतंच, विचारायची पद्धत नाही. मी आढेवेढे घेतले तशा म्हणाल्या, "एकटं माणूस ठेवत नसतात माय. पाय जाते त्याचे." म्हणजे काय ते विचारणार, तोवर त्या घोरायला लागल्या होत्या.

१४ सप्टेंबर
आता कामाचं. ज्यांना क्रेन फ्लाय माहीत नाही (म्हणजे जवळजवळ सगळ्या जगाला) त्यांनी तळहाताएवढा डास डोळ्यांसमोर आणावा. ही माशी चावत नाही. जन्मभराचं खाणं अळी असतानाच उरकून घेते. मोठेपणी तोंड असतं ते नावापुरतं. पंखांमागे टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन गाठी असतात, उडताना तोल त्या सांभाळतात. आणि पाय! अंगाच्या कितीतरी पट लांब आणि इतके कच्चे, की पकडायला जावं तर पाय आपल्या चिमटीत सोडून माशी पसार. मांडीच्या वर एक ठरलेला सांधा असतो, तिथूनच सुटतो. सफाईने.

मी शोधतेय त्या जातीचा आजवर एकच नर सापडलाय, तोही फार जुना, सहातले दोनच पाय उरलेला. मादी कुणी पाहिलेलीच नाही. ती मला मिळाली तर पीएच.डी. झाली समजा. नाही मिळाली तर मार्चमध्ये फेलोशिप संपते आणि मी पुन्हा बाथरूमच्या रांगेत.

मावशींनी आज जाळी पाहून विचारलं, "एवढी शिकली अन् मच्छर कायले पकडून राह्यली वं?"

१९ सप्टेंबर
मिळाले! तीन नर! आठवडाभर नाल्याकाठचा चिखल उपसला, पाला चाळला, हाती भोपळा. आणि सापडले कुठे, तर गावातल्या डोमाजींच्या घरात, भिंतीवर. म्हातारे एकटेच असतात. मुलगा ट्रकवर, हैदराबादकडे. दुपारी कुणीतरी भाकरी ठेवून जातं. बिचारे खाटेवरच, कमरेपासून खाली घोंगडी. पाय गेले, एवढंच म्हणाले. मी जायला निघाले तर थांब म्हणाले, काही काम नव्हतं, नुसतंच थांब. मला तीन नर डबीत घालायची घाई होती.

२३ सप्टेंबर
पलीकडच्या तांड्यावर भुरीबाईंकडे दोन नर. पुन्हा घरातच. भुरीबाईही एकट्या, त्याही घोंगडीत. शेजारच्या घरात सहा माणसं, तशीच ओल, तसाच दिवा, आणि माशी एकही नाही.

नकाशावर ठिपके टाकत बसले होते. जंगल नाही, पाणी नाही, उंची नाही, कशाशीच जुळेना. मग गंमत म्हणून वहीत लिहिलं, 'वितरण: जिथे माणूस एकटं, तिथे.' माझ्या गाइडना, चारुदत्त सरांना, फोन करून वाचून दाखवलं. (फोन लागतो फक्त हापशीजवळ.) सर खूप हसले. मीही हसले.

२७ सप्टेंबर
मावशी दोन दिवस फुलसावंगीला लेकीकडे गेल्या होत्या, तिचे दिवस भरत आलेत. इकडे त्या गेल्या आणि संध्याकाळी माझ्या भिंतीवर माशा! आज त्या परतल्या, पायरीवर चप्पल काढली, आणि भिंत साफ. मी डोळ्यांनी पाहिलं. उडाल्याही नाहीत, नुसत्या नाहीशा झाल्या.

म्हणजे मला मादी हवी तर मावशी नकोत. सरळ हिशेब आहे.

२९ सप्टेंबर
खोटं बोलले. संध्याकाळच्या बसने माझी बहीण येतेय, आता सोबतीची काळजी नको, असं सांगितलं. मावशींचा जीव भांड्यात पडला. लेकीच्या बाळंतपणाला जायचं माझ्यामुळेच अडलं होतं. दुपारीच गेल्या. जाताना "दोघी मिळून रांधा अन् खा" म्हणाल्या आणि मिरचीचा ठेचा देऊन गेल्या.

गावाने संशय घेऊ नये म्हणून पायरीवर चपलांचा दुसरा जोड ठेवला आणि दोरीवर दुसरा पंजाबी ड्रेस वाळत घातला. जेवायला दोन ताटंही घेतली. कोण बघणार होतं? तरी घेतली. घर फार शांत वाटतंय.

१ ऑक्टोबर
मादी!! आतल्या खोलीत, माझ्या खाटेवरच्या भिंतीला. नराच्या शेपटाचं टोक बोथट असतं, हिचं सुईसारखं, अंडी खुपसायला. अजून पकडली नाही. अंडी कुठे घालते ते पाहायचंय, कारण अळी काय खाते हे कुणालाच माहीत नाही.

भूक नाही. ठेचा तसाच पडलाय.

३ ऑक्टोबर
डावी टाच बधिर झालीय. ओल्या जमिनीवर अनवाणी चालल्यामुळे असेल. चालताना घासते.

मादी भिंतीवर नाही. सकाळी गोधडीवर होती, पोटरीपाशी. मला कळलंच नाही. कळायला हवं होतं ना?

आज निघावं असं फार वाटलं. हापशीपर्यंत जावं, घरी फोन करावा, आईला म्हणावं ये. पण अंडी घालताना पाहिलं नाही तर सगळंच वाया. एकच दिवस.

४ ऑक्टोबर
आज कुणाशीच बोलले नाही. कालही नाही. मला माणूस हवंय. कुणीही.

अंडी कुठे घातली ते कळलं. पोटरीवर सुईच्या छिद्रांची ओळ. दोन्ही पायांवर. दुखत नाही, हेच —

डोमाजींनी थांब म्हटलं होतं.

५ ऑक्टोबर
उभं राहता येत नाही. दार नुसतं लोटलेलं आहे, पण ते बाहेरच्या खोलीत. ओरडले. बाहेरून कुणी तरी जाता जाता म्हणालं, बहीण आहे न सोबतीले.

बहीण नाहीये! कुणीच नाहीये!

— नंतर —
आवाज बारीक झालाय. पाणीही गिळवत नाही.

६ ऑक्टोबर
गोधडी उचलून पाहिली. पाहायला नको होती.

रक्त नाही. मांडीच्या वर, सफाईने —

माशीचा पाय सुटतो तेव्हा माशी पळून जाते. इथे पाय गेले, आणि मी मागे राहिले.

बाहेरच्या खोलीत कुणी तरी चालतंय. डावी टाच घासतेय.

७ ऑक्टोबर, सकाळ
मावशी आल्या! अंगणात त्यांचा आवाज. लेकीला मुलगी झाली म्हणतायत, मधू, पेढा घे म्हणतायत. मावशी —

तोंड उघडत नाही. ओठांना बोट लागतं, पण उघडत —

बाहेरच्या खोलीतली ती दाराशी गेली. दार अर्धंच उघडलं असावं, उजेड थोडाच आला. मावशी म्हणाल्या, तू बहीण न वं, मधूवरच गेली. मधू कुठं हाय?

ती म्हणाली, मधू नागपूरला गेली. माझाच आवाज.

मग तू एकटीच काहून, आज निजाले येतो मी, म्हणाल्या मावशी. या, मावशी, या —

नको, ती म्हणाली. संध्याकाळच्या बसने भाऊ येतोय सोबतीला.

मावशींचा जीव भांड्यात पडला. मला ऐकू आलं. चालल्या. फाटक वाजलं.

मी खाटेची कड वाजवतेय, पेनने. कुणी —

कडी लागली. ती आत येतेय. टाच घासतेय, पण ही दोन पायांची चाल नाही. माझे दोन, आणि मागून आणखी दोन — आणखी दोन —