जाळीची भिंत कोणाची

३ फेब्रुवारी, सोमवार

पाटी आली! आमच्या कॉन्व्हेंटच्या जुन्या हॉलला लावायची, काळ्या दगडाची. सोनेरी अक्षरांत 'रचना', खाली नागपूरच्या त्या इंजिनिअरचं नाव. माझ्या याडीचं, आईचं, नाव कुठेच नाही!

आर्किटेक्चरची पोरं फोटो काढायला येतात ती कशाचे? विटांच्या जाळीच्या भिंतीचे. इंजिनिअरच्या नकाशात तिथे बंद भिंत होती. जाळी याडीने रचली, स्वतःच्या हातांनी, मध्ये भोकं सोडत.

शाळेच्या समितीचे किसनराव हसले. "पुष्पाबाई, तुमची माय रेजा होती. घमेलं वाहे. रेजा कुठी डिझाइन करते काय?"

"करते," म्हटलं. चहा न घेता निघाले.

५ फेब्रुवारी

हॉलमध्ये जाऊन बसले. शाळेत असताना प्रार्थनेला उभं राहिलं की जाळीतून उन्हाचे चौकोन आमच्या निळ्या फ्रॉकवर पडायचे. मी हात पुढे करून एक तळहातावर घ्यायची. आईने दिलेला खाऊच जणू! वर्गात तांड्यावरची मी एकटी, पण भिंत माझी होती.

सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या — मिस्त्री तापाने पडला, तेव्हा याडी म्हणाली, बंद भिंत घातली तर उन्हाळ्यात लेकरं उकडतील. तुला येतं का, सिस्टरने विचारलं. येते, म्हणाली. इंजिनिअर आला तो ओरडतच. सिस्टरने त्याला भर मे महिन्यात दुपारी आत बसवलं. थोड्या वेळाने म्हणाला, राहू द्या.

राहू दिलं म्हणजे रचलं का?

६ फेब्रुवारी

किसनरावांचा फोन. उचलला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

समितीची बैठक. बोलावलं नव्हतं, गेले. तडजोड काढली म्हणे — 'सौ. धरमसिंग' असं लिहू!

"बाबा तेव्हा हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवत होते. त्यांनी एक वीटही उचलली नाही. रुपीबाई लिहा. फक्त रुपीबाई. नाहीतर उद्घाटनाच्या दिवशी अख्खा तांडा दारात बसवते!"

कोणीतरी पुटपुटलं, "बाई काही आयकत नाही."

नाही ऐकत. लिहिणार आहेत.

११ फेब्रुवारी

याडीला रिक्षाने हॉलवर नेलं. पाटी लागली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. माझेच डोळे भरले. ती मात्र पाटी चाचपतच राहिली.

"जमनीचं कुठी हाय?"

"कोण जमनी?"

"कोलामाची, आदिवासी बाई. माह्यासंगं कामाले होती. तट्ट्या विणे. बांबूची वीण तिनं खाली इटा मांडून दाखवली, म्या वर रचली. तिचं नाव काहून नाही?"

"तू कधी बोलली नाहीस!"

"तुनं कधी इचारलं? मले चोट्टी करून ठेवलं, पुष्पे!"

परत येताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१२ फेब्रुवारी

पाटी उतरवा म्हणून सांगून आले. जमनी वर, रुपीबाई खाली.

किसनरावांनी कपाळाला हात लावला. "अजून किती नावं हायेत, बाई?"

"माहीत नाही," म्हटलं. "विचारायला आता सुरुवात केली आहे."