न मिटणारी झडप

समुद्रबांधाजवळ, ग्रोनिंगन
३ नोव्हेंबर

प्रिय फेन्ना,

सहा वर्षांनी बापाचं पत्र पाहून दचकू नकोस. मी ठीक आहे. गाजरं काढून झाली, बोट वर ओढून ठेवली. शेजारची रेन्स्का अजून गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढते. तुझा पत्ता तिनेच शोधून दिला.

ठीक म्हणजे, बांधाच्या पायऱ्या चढताना धाप लागते. शेवटी रेन्स्काने मला धरूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची.

"काका, हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप नीट मिटत नाहीये. ढकललेलं रक्त परत आत येतं. बिचारं हृदय तेच रक्त पुन्हा पुन्हा उपसतंय."

मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं बांधाची दारं सांभाळलीत मी. ओहोटीला शेतांतलं पाणीच ती ढकलून उघडतं, भरतीला समुद्रच ती मिटवतो. मध्ये लाकूड अडकलं असेल, काढून टाका."

"लाकूड नाही हो, दारच झिजलंय!"

दोघंही हसलो. मग तिने विचारलं, धातूची झडप हवी की डुकराच्या हृदयातली? धातूची जास्त टिकते, पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. डुकराची घेतो म्हटलं. तुझी आई पोट धरून हसली असती.

तिचं नाव निघालंच आहे तर लिहूनच टाकतो. तिला पुरून आलो त्या दुपारी, "आता आलीस होय?" असं मी तुला सगळ्यांदेखत बोललो. तू गेल्यावर, आपल्याकडे घरोघरी संडासात टांगतात त्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवरून तुझं नाव खोडलं. मेलेल्या आईचं तिथं अजून आहे, जिवंत लेकीचं खोडलं.

तू पोचलीस तेव्हा आई गेलेली होती, पण उशीर तू केलाच नव्हतास. आई जाणार हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मीच तुला दोन दिवस कळवलं नाही. तुला सांगितलं तर ते खरं होईल, असं वाटत होतं. हे मी कुणालाच बोललो नाही, रेन्स्कालाही नाही.

अठरा तारखेला ऑपरेशन आहे. मला भीती वाटते, पोरी.

दवाखान्याच्या कागदावर विचारलंय, काही झालं तर कुणाला कळवायचं? रेन्स्का म्हणाली, माझं नाव घाल. मी तुझं घातलं, तुला न विचारता. नंबर जुनाच लिहिलाय. लागतो का हे पाहायची हिंमत झाली नाही. बदलला असेल तर तेवढं कळव. या वेळी तरी तुला वेळेवर कळायला हवं.

तू मानलंस तर अजूनही तुझा,
बाबा