पाहुण्याच्या शिकारीचा वाटा

बिश्केक, ३ ऑक्टोबर २००४

चि. तोलोगोन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा पाहुणा काल व्हिएन्नाहून उतरला. ग्रुंडनर आजोबा, सत्तरीचे, पाठ ताठ. रायफलची पेटी तान्ह्या बाळासारखी छातीशी. कस्टमवाल्यांनी परवान्यावरचा नंबर नळीवरच्या नंबराशी पुन्हा पुन्हा ताडला, कारण प्रत्येकाला दुर्बिणीतून एकदा बघायचं होतं. दुभाषी म्हणून मी मधे उभी. शेवटी विचारलं, की त्यात तुमची बढती दिसतेय का. तेव्हा सोडलं.

आता थोरल्या बहिणीचं, तुझ्या एजेचं, ऐक. तुझ्या स्वतःच्या शिकार-तळावरचा हा पहिला पाहुणा. खूश होऊन गेला तर मित्रांना आणेल. नाहीतर तुझी बायको सलतनत म्हणते तसं, हिवाळ्यात तू मॉस्कोला विटा उचलायला जाशील. तेव्हा आजोबांना हवं ते दे, आणि तुझा दानशूर हात जरा खिशात ठेव.

मुलांना पापा.
तुझी एजे,
बुरुल

अत-बाशी, १२ ऑक्टोबर

ती. बुरुल एजेस सा. न. वि. वि.

शिकार झाली. आजोबांनी एका गोळीत म्हातारा रानबोकड पाडला, मग टोपी काढून त्याच्यापाशी बसले. मला माणूस आवडला. आपल्या शिकारीची कलेजी आपणच परतायची म्हणून घरून कांदा आणला होता बघ, रायफलसोबत!

उतरताना ओढ्यापाशी कान्यशाय आजी भेटली आणि ‘शिराल्गा’ म्हणाली. परतणाऱ्या शिकाऱ्याला असं म्हटल्यावर वाटा द्यावाच लागतो, नाहीतर रायफलची बरकत जाते. मी मांडी दिली. आजीची सून गरोदर, तिला कलेजी. पुढे मेंढपाळ, मग त्याचा व्याही. व्याह्याला कुणी कळवलं देव जाणे. तळावर पोचलो तेव्हा घोड्यावर उरलं होतं मुंडकं आणि कातडं.

मला वाटलं, शिकारी माणूस, त्यांना हे ठाऊक असणारच. जगात कुठला शिकारी वाटा देत नाही? खुणांनी सांगायला गेलो तर आजोबांनी कांदा टेबलावर ठेवला आणि रायफल पेटीत बंद केली. उद्या ड्रायव्हर त्यांना घेऊन येतोय, हे पत्रही त्याच्याच हाती देतो. तूच काहीतरी कर. सलतनतने माझी बॅग झटकून दारात ठेवलीय.

तुझा (अजून असलो तर लाडका) भाऊ,
तोलोगोन

बिश्केक, १५ ऑक्टोबर

चि. तोलोगोन, अ. आ., शिवाय दोन चपराका उधार.

अरे, दरोडेखोरसुद्धा माणसाच्या अंगावर सदरा ठेवतो! आजोबा विमानतळावर आले ते तोंड मिटून. मग मला विचारलं, की तुझ्या भावाने माझं मांस विकलं का. मी सगळं सांगितलं: तो शब्द, ती बरकत, ती सून. आजोबांनी बोटांवर घरं मोजली. मग म्हणाले, की म्हणजे या रायफलीवर आता तीन-चार घरं जेवली. मी म्हटलं, तोलोगोन मधे आहे, अख्खं खोरं धरा.

तेवढ्यात दुसऱ्या कंपनीचा एक जाडजूड पाहुणा शिंगांचं खोकं ढकलत आला. आजोबा त्याला आडवे गेले आणि हात पुढे करून गरजले, शिराल्गा! तो पांढराफटक. त्याच्या दुभाषी पोरीने, आपल्याच नारिन भागातल्या, हसू दाबत समजावलं, तेव्हा त्याने पिशवीतून वाळवलेल्या मांसाची पट्टी काढून दिली. आजोबांनी ती मोडून मला दिली, कस्टमवाल्याला दिली आणि उरलेला तुकडा असा चघळला की जणू स्वतःच्या हाताने मारलाय.

पुढच्या शरदात तिघा मित्रांना घेऊन येतायत. वाट तीच हवी, सगळ्या घरांवरून. फक्त प्रत्येक घरी ‘घ्या’ म्हणायचं ते आजोबांनी. तू लगाम धरायचा आणि तोंड बंद ठेवायचं.

लोभ असू दे. पण निदान एक वर्ष घरच्यांवरच.
तुझी एजे,
बुरुल