साठ मैलांचं मत

रविवार, १ मार्च

वीस मिनिटं बसून एक मैल! भरभर चालत गेले असते तरी तेवढाच झाला असता, वर पाय मोकळे झाले असते.

टूथपेस्टवरचा सर्व्हे होता. साठ मैल देणार होते. दात कधी घासता, किती घासता, घासताना कसला विचार करता— सगळं विचारून घेतलं आणि एकोणिसाव्या मिनिटाला त्यांना माझं वय आठवलं. 'क्षमस्व! आपल्या वयोगटातील जागा भरल्या आहेत.' अरे, अठ्ठावन्न वय पहिल्याच पानावर लिहिलं होतं की! तेव्हा तोंडाला कुलूप होतं का?

शिल्लक ३४,११०. ताईकडे जाऊन यायच्या फुकट तिकिटाला चाळीस हजार मैल लागतात. अकरा तासांचं विमान, तिकीट काढायची आपली ऐपत नाही, म्हणून गेली सव्वादोन वर्षं मी विमान कंपनीला मतं विकतेय. भाऊजी गेले तेव्हा जाता आलं नाही. फोनवर मी रडत होते आणि ताईच माझी समजूत काढत होती. ती लाज अजून गेलेली नाही.

१० मेला तिला सदुसष्ट पूर्ण होतील. त्या आठवड्यात तिच्या दारात उभी राहणार. तिकीट हातात पडेपर्यंत बोलायचं नाही. आधी कळलं तर 'कशाला गं त्रास' करून मोडता घालेल.

मंगळवार, ३ मार्च

खऱ्याला एक मैल मिळतो ना? मग आता खोटं.

आज मी चौतीस वर्षांची. दोन कुत्री, एक मांजर, लंगोटातलं एक बाळ, एक ट्रक. एका कंपनीत सिमेंटची खरेदी माझ्या सहीने होते. साठ अधिक साठ अधिक ऐंशी— दोनशे मैल एका बैठकीत! सिमेंटवाल्यांनी तर शेवटी 'आपल्यासारख्या जाणकारांमुळेच' असं लिहिलं. बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली, तिथे मला कुणी जाणकार म्हटलं नाही.

एक प्रश्न मात्र सगळ्याच सर्व्हेंना पडतो— 'घरातले महत्त्वाचे निर्णय कोण घेतं?' सुरुवातीला 'मी व जोडीदार' असं प्रामाणिकपणे लिहायचे. लगेच बाहेर! त्यांना निम्मा माणूस नको असतो. आता डोळे मिटून 'मी'.

हे मागे उभे राहून वाचत होते. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली, दुसऱ्याचं लिहिलेलं दिसलं की मान आपोआप वाकते. 'अरे वा!' म्हणाले, 'कधीपासून?'

बुधवार, ४ मार्च

'आपण शेवटचा शांपू कधी सेवन केला?' यांना दाखवलं. दहा मिनिटं हसत होते. मी 'काल सकाळी' लिहिलं. साठ मैल.

शनिवार, ७ मार्च

दुकानात गर्दी. दिवसभर तोंडात एकच वाक्य— 'एक बरा की दोन? आता? एक की दोन?'

निम्मे लोक न बघताच 'दोन' म्हणतात. कानावर शेवटी पडलेलं तेच. मला आवाजावरून कळतं. मग मी उलटं करून विचारते, पुन्हा विचारते, तेव्हा कुठे खरं बाहेर येतं. आज एका सूटवाल्याला चार वेळा विचारलं, तो खवळला. 'एकदा सांगितलं ना!' म्हटलं, साहेब, तुम्ही एकदा सांगाल आणि वर्षभर भिंतीवर आपटाल. मालकीणबाईंनी डोळे वटारले. वटारू देत. चुकीचा नंबर दिला की शिव्या मीच खाते.

रविवार, ८ मार्च

ताईचा फोन दर रविवारी सकाळी दहाला. पाऊण तास तरी. आता मी नवी पद्धत काढलीय— फोन स्पीकरवर, मांडीवर लॅपटॉप. ताई बोलते, मी 'हं' म्हणते, मैल पडत राहतात. गेल्या दोन महिन्यांत रविवारचे दीडशे मैल कधी चुकले नाहीत.

आज सापळा होता. चाळीस प्रश्नांच्या मध्येच— 'आपण लक्षपूर्वक वाचत असाल तर येथे "अजिबात असहमत" निवडा.' नवखे फसतात, एका रांगेत टिकटिक करत सुटतात. मी फसत नाही. सव्वादोन वर्षांत एकदाही नाही! माझ्यासारखं लक्ष देणारं माणूस त्यांना मिळायचं नाही.

ताईचं नेहमीचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघा. पडदे काढायला शेजारीण आली होती. आणखी काहीतरी होतं. म्हणाली, 'छोटे, एकटीला आता जड जातंय गं.' मी म्हटलं, 'हं, पडदे जडच असतात.'

बुधवार, ११ मार्च

हे म्हणतात, 'तुला साबणाबद्दल एवढी मतं आहेत, मग आपला बाथरूमचा नळ कुठला घ्यायचा ते सांग.' म्हटलं, तुम्हीच बघा काय ते. फुकटात कोण डोकं चालवणार!

रविवार, १५ मार्च

३६,६००. घोडं आता गंगेत न्हाऊ दे.

आजचा सर्व्हे भांड्यांच्या साबणाचा, ऐंशी मैल, पण घड्याळ लावलेला. दोन बाटल्या शेजारी शेजारी दाखवतात, दहा सेकंदांत सांगायचं कुठली आवडली. तीस जोड्या. घाम फुटला. त्यात ताई आज काहीतरी लांबण लावून सांगत होती, मधे मधे थांबत होती. ती थांबली की मी 'हं' म्हणायचे, की पुन्हा सुरू.

शेवटच्या जोडीला तिने विचारलं, 'मग? मनापासून सांग हं. एक की दोन?' समोर हिरवी आणि पिवळी. मी मोठ्याने 'दोन!' म्हटलं आणि पिवळीवर टिचकी मारली. ताईला उत्तर मिळालं, साबणवाल्यांनाही मिळालं. एका शब्दात दोघांची बोळवण! पडद्यांचंच असणार. तिला कापड निवडायचं असलं की आख्ख्या जगाला विचारते.

 ती 'बरं' म्हणाली आणि एकूण वीस मिनिटांतच फोन ठेवला. बरं झालं. आणखी एक सर्व्हे उरकला.

रविवार, २२ मार्च

ताईचा फोन अकरा मिनिटांत आटोपला. आवाज छान होता. गुडघ्याचं नाव नाही. नवे पडदे मानवले वाटतं.

गुरुवार, २६ मार्च

३८,५००! मालकीणबाईंकडे मेमधली दहा दिवसांची रजा मागितली. तोंड एवढंसं करून दिली.

रविवार, २९ मार्च

ताई म्हणाली, 'सामान आवरतेय, नंतर बोलू.' सदुसष्टाव्या वर्षी कपाटं उपसायची हौस! तिच्यासाठी नवी फ्रेम बाजूला काढून ठेवलीय, तांबूस, हलकी. तिथेच तिच्या डोळ्यांचा नंबर काढेन. मला कळतं ती कधी न बघता उत्तर देते ते.

शुक्रवार, ३ एप्रिल

चाळीस हजार! शेवटचे साठ मैल कुत्र्यांच्या बिस्किटांनी दिले. माझ्या दोन्ही कुत्र्यांचे आभार!

जेवणाच्या सुट्टीतच तिकीट काढलं. ८ मे ते १७ मे. खिडकीची जागा. तिकीट रद्द केल्यास मैल परत मिळणार नाहीत, असं ठळक अक्षरांत लिहिलंय. रद्द कोण करतंय! यांनी कागदावर छापून आणलं, दोनदा तपासलं आणि चूक सापडत नाही म्हणून हिरमुसले.

ठरवलं होतं तिकीट होईपर्यंत गप्प राहायचं. झालं. आता पोटात राहत नाहीये. उद्या सांगते.

शनिवार, ४ एप्रिल

लिहवत नाहीये. तरी लिहिते.

सकाळी फोन केला. शनिवारी माझा फोन म्हटल्यावर ताई घाबरली— 'काय झालं?' म्हटलं, काही नाही, आठ मेला येतेय तुझ्याकडे. नऊ दिवस राहणार.

ती म्हणाली, 'अगं, पण इथे पाहुण्यांना राहता येत नाही. भेटायची वेळ चार ते सहा.'

'इथे म्हणजे कुठे?'

'म्हणजे काय? दोन नंबर. तूच नाही का सांगितलंस?'

मग तिनेच हळूहळू सगळं पुन्हा सांगितलं, लहानपणी मला गणित समजावायची तसं. घर एकटीला झेपेना. एक— ते विकून इकडे यायचं, आमच्याजवळ. दोन— तिथल्याच ज्येष्ठांच्या इमारतीत खोली घ्यायची. 'मनापासून सांग म्हटलं होतं. तू एका शब्दात सांगितलंस. मला वाईट नाही वाटलं हं छोटे. तुमच्या दोन खोल्या, त्यात मी कुठे? तू गोड बोलून फसवलं नाहीस, तेच बरं.' घराच्या किल्ल्या एक तारखेला दिल्या. खोलीला पूर्वेची खिडकी आहे म्हणे.

मी काय म्हणाले? 'छान आहे' म्हणाले. छान आहे!

रविवार, ५ एप्रिल

यांना सांगितलं. हसतील, टोमणा मारतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, 'आत्ताच्या आत्ता फोन कर आणि खरं काय ते सांग.'

खरं काय सांगू? ताई, मी तुला नको म्हटलं नव्हतं, मी फक्त ऐकत नव्हते? तू आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारलास तेव्हा मी साबणाची बाटली निवडत होते? आत्ता तिला निदान असं वाटतंय की बहिणीने विचार करून उत्तर दिलं.

आणि नीट ऐकलं असतं तर 'एक' म्हटलं असतं का? लगेच नाही. आधी मनात खोल्या मोजल्या असत्या, यांचा खोकला आठवला असता, सकाळी बाथरूम कुणाला कधी मिळणार ते आठवलं असतं. चांगली दोन मिनिटं रेंगाळले असते. पण म्हटलं असतं. ताईला मी 'एक'च म्हटलं असतं.

गिऱ्हाइकाला चार चार वेळा विचारते मी. तिने एकदाच विचारलं आणि विश्वास ठेवला.

दहाला तिचा फोन आला नाही. त्यांच्याकडे रविवारी याच वेळेला व्यायामाचा तास असतो, असं कालच म्हणाली होती. मी लॅपटॉप उघडला नाही. फोनकडे बघत बसले.

मंगळवार, ७ एप्रिल

ताईच्या त्या संस्थेचा मेल आला. 'नातेवाइकांसाठी अभिप्राय. फक्त बारा मिनिटं.' सोबत ताईने भरलेला प्रवेशाचा अर्ज, माहितीसाठी. प्रश्न— राहायला येण्याचा निर्णय कोणी घेतला? 'स्वतः', 'स्वतः व कुटुंबीय', 'इतर'. ताईची खूण 'इतर'वर. पुढे तिच्या त्या सुबक अक्षरात— 'धाकटी बहीण'.

मला विचारलंय, या निर्णयाबाबत आपण एक ते दहापैकी किती समाधानी आहात? उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.