पहिल्या फेरीला घरचं माणूस

३, सोमवार
पोचलो एकदाचे! हँगरच्या मागेच दोन खोल्या, खिडकीतून धावपट्टी दिसते. बायको इतकी खूश, की सामान सोडायच्या आधी तिने पडदा लावला. मागच्या दोन्ही नोकऱ्या मी खरं बोलून घालवल्या. या वेळी तोंडाला कुलूप, असं तिने वदवून घेतलंय. मालकाला सगळे कॅप्टन म्हणतात. काम सरळ आहे. चाळीस वर्षांच्या दोन सीटच्या विमानाचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवायचे.

५, बुधवार
डिस्क झकास बसल्या. घोडं अडलं पेडलमागच्या पंपांत. आतली रबरी सील जुन्या ऑइलची. नव्या लाल ऑइलने ती फुगतात, मग लागलेला ब्रेक सुटत नाही. नवी मागवा म्हटलं, तर कॅप्टन म्हणाले, महिना जाईल, आहेत ती चालवून घे. वर इथली रीत ऐकवली: कागदावर ज्याची सही, त्याच्या घरचं माणूस पहिल्या फेरीला कॅप्टनच्या शेजारी बसतं. म्हणजे मेकॅनिक हयगय करत नाही म्हणे! बायकोने ऐकून टाळ्या पिटल्या.

७, शुक्रवार
लाल ऑइल भरलं. नळ्यांतली हवा काढायला दोघं लागतात, एक पेडलवर, एक चाकापाशी. स्टोअरकीपर कॉकपिटमध्ये बसायला तयारच होईना. शेवटी बसतो म्हणाला. मी चाकाखाली शिरलो, दाब म्हटलं की पेडल दाबलं जायचं, सोड म्हटलं की सुटायचं. बुडबुडे संपले. उठून बघतो तर सीट रिकामी. गडी मी खाली शिरताच चहाला सटकला होता.

८, शनिवार
स्टोअरकीपरने आज सांगितलं. आधीच्या मेकॅनिकनेही याच सीलवर लाल ऑइल भरून सही केली होती. पहिल्या फेरीला त्याची बायको. उतरताना एक चाक अडकलं, विमान उलटलं. कॅप्टनच्या हनुवटीला दोन टाके. ती जागीच गेली. तिला काढलं तेव्हा दोन्ही पाय पेडलवरच, सोडवावे लागले. त्या मेकॅनिकला मी मनसोक्त शिव्या घातल्या. भेकड लेकाचा.

१०, सोमवार
कॅप्टनने कागद पुढे सरकवला. सही कर, नाहीतर खोल्या रिकाम्या कर. केली. एका झटक्यात केली, याचीच किळस येते.

११, मंगळवार
कॉकपिटमध्ये कोणी नाही. दोन्ही पेडलं खाली. हाताने वर ओढली — पुन्हा खाली गेली, सावकाश, पूर्ण जोराने. बायकोला काही बोललो नाही. बोललो तर ती बसणार नाही, आणि नाही बसली तर —

१२, सकाळ
ती बसली. पट्टा बांधला. मला हात केला.
मी पंखापाशी. वही हातात, कॅप्टनना वेळा टिपून हव्यात.
इंजिन पूर्ण जोरात. विमान हलत नाही.
बायको पायांकडे बघतेय. पाय वर घेतले, पोटाशी. पेडलं तरी खालीच —
कुणीतरी धरून ठेवलंय. तिला वाचवायला —
कॅप्टन खुणावतायत. दोन्ही चाकांवरचे हवा काढायचे स्क्रू ढिले कर. ऑइल सांडेल, चाकं मोकळी होतील. ब्रेकच राहणार नाही.
पाना खिशात आहे.
बायको काचेवर हात आपटतेय — मला हाक —
डावा स्क्रू सोडला. आता उजवा