मागच्या खोलीतली गायिका

१४ ऑक्टोबर २००१, रविवार
राजनंदिनीची नोकरी गेली. शुक्रवारीच गेली, सांगितलं आज. कंपनीने सकाळी अकरा जणांना एका खोलीत बोलावलं – अमेरिकेतलं काम बंद झालंय, ओळखपत्रं टेबलावर ठेवा. झालं.

दीड वर्ष आमच्या मागच्या खोलीत राहतेय. यवतमाळकडची, चोवीस वर्षांची. हे म्हणाले, "आता सामान बांधेल." मी चहा घेऊन गेले तर पलंगावर बसून गिटारच्या तारा बदलत होती. "काकू, आता गाणीच करणार." रजा मंजूर झाल्यासारखी शांत.

मला बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आठ महिने झाले, तरी सकाळचे अकरा वाजले की काय करायचं कळत नाही. आणि ही दोन दिवसांत ठरवून मोकळी.

१९ ऑक्टोबर
गाणं लिहिलेला कागद दाखवला. शब्द तिचे, चालही तिचीच. बहीण शाळा सोडून घरी बसली, त्यावर आहे. ध्रुवपदात 'काहून थांबली'. मी पेन्सिलने 'काहून' खोडून 'का' केलं. शुद्ध मराठी नको का?

तिने खोडरबर मागितलं. म्हणाली, "'का' म्हटलं की उत्तर द्यावं लागतं, काकू. 'काहून' नुसतंच विचारता येतं."

सदाशिव पेठेत राहून माझं मराठी कुणी आजवर तपासलं नव्हतं.

३ नोव्हेंबर
कर्वेनगरला फैजच्या फ्लॅटवर गेले. हा फैज आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनीत असतो, शनिवार-रविवार हिच्याबरोबर बेस गिटार वाजवतो. खिडक्यांना गाद्या लावलेल्या, पंखा बंद, दारावर चिठ्ठी – 'रेकॉर्डिंग चालू आहे, बेल दाबू नये'. सीडी हे लोक स्वतःच काढणार.

एक ओळ तिने चौदा वेळा गायली. मला पहिलीच बरी वाटली होती. फैजलाही. "नाही, मी खोटं रडतेय," म्हणाली, आणि पाणी पिऊन पुन्हा उभी राहिली. चौदाव्या वेळी आवाज अजिबात चढवला नाही. फैजने कानाला लावलेलं खाली काढून ठेवलं.

मला या संगीतातलं काही कळत नाही. ड्रमने तर अजून धडधडतं. पण एवढं खरं वागणारं माणूस मी फार पाहिलेलं नाही.

२१ नोव्हेंबर
सीडी झाली. सात गाणी. एका कॅसेटवाल्याने दुकानात ठेवायला नकार दिला – "मराठीत असलं कोण ऐकतं?" तिने हुज्जत घातली नाही. पुढच्या दुकानात गेली. तिथे ठेवली.

२८ नोव्हेंबर
तिच्या वडिलांचा फोन, मीच घेतला. हिंमतराव भोयर, शाळेत हेडमास्तर. "नोकरी गेल्याचं आम्हाला परक्याकडून कळलं, ताई." आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. शनिवारी तिला न्यायला येणार. मुलगा पाहून ठेवलाय.

तिला सांगितलं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग – "शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे ना. तुम्ही त्यांना घेऊन याल?"

मी? ज्या माणसाला तोंड दाखवायची पंचाईत, त्याला? हो म्हणाले.

१ डिसेंबर, शनिवार
हिंमतराव सकाळी आले. धोतर नव्हे, कडक इस्त्रीचा सफारी. तिला एवढंच विचारलं, "जेवतेस का वेळेवर?" तिने मान हलवली. दिवसभर दोघं एका खोलीत, पेपर वाचत. एकच पेपर, अर्धा-अर्धा.

संध्याकाळी त्यांना रिक्षाने कॉलेजच्या हॉलमध्ये नेलं. अडीचशे मुलं तरी असतील. आम्ही मागे बसलो. पहिलं गाणं संपलं आणि ओरडा सुरू – हिंदी गा, पिक्चरचं गा. ती माईकजवळ आली. "मला येतात ती. पण आज माझीच गाणार आहे." शिट्ट्या. खुर्च्या सरकल्या. तिसऱ्या गाण्यापर्यंत अर्धा हॉल रिकामा.

तिने घाई केली नाही. एकही कडवं गाळलं नाही. समोर रिकाम्या खुर्च्या, आणि ही भरल्या हॉलसाठी गावं तशी गात होती.

तेवढ्यात हिंमतराव उठले. मला वाटलं, निघाले. अपमान सोसवला नसणार, कुणा बापाला सोसवेल? मी पर्स उचलली. तर ते मधल्या वाटेने सरळ पुढे गेले आणि पहिल्या रांगेतल्या एका मोकळ्या खुर्चीवर बसले. ताठ. हात मांडीवर.

तिने त्यांना पाहिलं. गाणं 'काहून'वर आलं होतं. आवाज हलला, पण सुटला नाही. थांबलेली शंभरेक मुलं शेवटी उभी राहून टाळ्या वाजवत होती. हिंमतराव बसूनच होते.

२ डिसेंबर
सकाळी निघाले. एकटेच. दारात बूट घालताना म्हणाले, "घरी कधी गायली नाई ही." मग नाडी बांधता बांधता – "आम्हीच कधी 'गानं म्हन' म्हटलं नाई, ताई."

तिला म्हणाले, "मुलाकडच्यांना मी काय सांगायचं ते सांगतो. फोन मात्र स्वतः करत जा."

रिक्षा वळेपर्यंत ती रस्त्यात उभी होती. वर आली, तोंड धुतलं आणि गिटार घेऊन बसली. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जरा मोठ्याने वाजव. इथपर्यंत येत नाही." तेवीस वर्षांच्या संसारात ह्यांनी केलेली ही सर्वांत मोठी स्तुती.

१२ जानेवारी २००२
मुंबईच्या एका कंपनीचं पत्र. सीडी आवडली. सगळी गाणी घेतील, पैसेही भरपूर देतील – पण शब्द 'जरा शहरी' करायचे आणि गाणार दुसरीच, नाव असलेली. फैज म्हणाला, "विचार कर, असं पुन्हा येणार नाही." खोटं नव्हतं ते.

तिने दोन दिवस मागितले.

१४ जानेवारी
"नाही म्हणायचंय," ती सकाळी म्हणाली. "पण मला पत्र लिहिता येत नाही असलं. माफी मागितल्यासारखं होतं."

मी लिहिलं. चार ओळी. गाणी गायिकेसकटच मिळतील. कार्यक्रमाच्या तारखांसाठी खालील पत्त्यावर संपर्क साधावा. पत्ता आमचाच. सहीपाशी थांबले – मी कोण म्हणून सही करायची? ती म्हणाली, "लिहा ना काकू, व्यवस्थापक."

सत्तावीस वर्षं बँकेत क्लार्क होते. आज 'व्यवस्थापक' लिहिलं.