एका हाताची म्हैस

१ एप्रिल, बुधवार
म्हैस बसवली, म्हैस उठवली. झाला बुधवार.

म्हैस म्हणजे हॉस्पिटलचा डेटाबेस सर्व्हर. नाव मीच ठेवलं. एकाच हाताले पान्हा सोडते, दुसऱ्याचा हात लागला की लाथ. तो एक हात माझा.

बुधवारी आमच्या भागातली लाइन मेंटेनन्ससाठी बंद. जनरेटर आहे, पण लाइट जाऊन जनरेटर धरेपर्यंतचा झटका यूपीएसच्या मेलेल्या बॅटऱ्याईले झेपत नाही. नव्या बॅटऱ्याईचा अर्ज ॲडमिनिस्ट्रेटर सरच्या टेबलावर पडून आहे, त्याच्यावर आता चहाचे गोल उमटले. म्हणून लाइट जायच्या आधी मी म्हैस बसवते, म्हणजे रीतसर बंद करते, अन् जनरेटर लागला की उठवते. लाइन परत येताना पुन्हा तेच.

आज बसेचना. बिलिंगवाली बाई एक बिल अर्धवट उघडं ठेवून चहाले गेली होती. ते बिल मिटत नाही तोवर म्हैस ताटकळत उभी. खाली पळत गेली, बिल मिटवलं, वर येताना जिन्यात डोळ्यापुढे अंधार. कठड्याले धरून बसली. पुन्हा अंगावरून जाऊन राहिलं. या महिन्यात थांबायचं नावच नाही.

३ एप्रिल, शुक्रवार
शेवटी डॉक्टर मॅडमकडे गेली. आमच्याच हॉस्पिटलच्या, दुसरा मजला. सोनोग्राफी, रक्त. गर्भाशयात गाठी.

"हिमोग्लोबिन बघितलंस स्वतःचं? आणि तू जिने चढतेस? हे आपोआप थांबणार नाही, वैशाली. पिशवी काढून टाकू. आणि काढलेलं तपासायला पाठवू."

शेवटचं वाक्य हळू बोलल्या. मी मुंडी हलवली. बाहेर येऊन पहिला विचार काय आला, तर म्हैस कोण पाहीन! लाज वाटली स्वतःची. पिशवी माझी, जीव माझा, अन् मी म्हशीचा विचार करून राहिली.

बाबाले सांगतलं फक्त "ऑपरेशन आहे, लहानसं". तपासाचं नाही सांगतलं.

४ एप्रिल, शनिवार
सरले सुट्टी मागितली.

"अरे वैशालीताई, घ्या ना सुट्टी! तब्येत पहिली. फक्त सर्व्हरचं काय?"

म्हटलं, तेच तर विचाराले आली.

विचारात पडले. मग चेहरा असा खुलला का मले वाटलं आता बॅटऱ्या मंजूर करते माणूस. म्हणे, "ऑपरेशन आपल्याकडेच आहे ना? मग चिंता काय! मी लॅपटॉप घेऊन येतो तुमच्या कॉटवर. झोपल्याझोपल्या दोन कमांड. तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत झोपतो, ताई."

तुमच्या झोपीले आग लागो. तोंडावर म्हटलं नाही. इथं लिहून ठेवते.

८ एप्रिल, बुधवार
बसवली, उठवली. अंगात ताकद नाही.

हे सगळं कायले माझ्याच गळ्यात पडलं ते आठवत बसली. दोन उन्हाळ्यामागची गोष्ट. तेव्हा म्हैस ज्या मशीनवर चालते त्या मशीनसोबत आपोआप उठायची. एक दिवस लाइट गेली, आली, मशीन उठली, पण डेटाची डिस्क वेगळ्या पेटीत, ते पेटी मशीनच्या मागून जागी झाली. म्हैस गोठ्यात आली तर गोठा रिकामा. थांबावं ना! नाही. तिनं नवा कोरा डेटाबेस मांडला, सॉफ्टवेअरनं त्यात रिकामे तक्ते मांडले, अन् खाली रिसेप्शनवर खुशाल नोंदणी सुरू. पेशंट नंबर एक. पेशंट नंबर दोन. एक म्हातारे कोराडीवरून डायलिसिसले येणारे, त्याईले नंबर तीन दिला. ते ओरडून राहिले, "अवं बाई, मी नवा नाही! मी इथं जुना झालो!"

जुना डेटा सापडला, डिस्कवरच होता. पण तोवर कल्ला झाला. सरनं हुकूम काढला, आजपासून आपोआप काही उठणार नाही, वैशालीताईच्या हातूनच. त्या दिवसापासून मी नागपूरच्या बाहेर मुक्काम केला नाही. मावसबहिणीचं लग्न उमरेडले, तेही जेवून परत.

इलाज मले तवाच माहीत होता. मशीनले एक अट सांगाची, डिस्क लागल्याशिवाय म्हशीले उठवू नको, डिस्क नाही लागली तर चूप बस. एक ओळीचं काम. पण खरंच ऐकते का हे पाहाले एकदा मशीन पाडून आपोआप उठू द्या लागते. त्याची परवानगी मिळत नाही. सर म्हणते, "चालत्या गाडीचा टायर बदलत नसतात, ताई."

चालते गाडी कधी थांबनच नाही तर टायर बदलाचा कधी?

१४ एप्रिल, मंगळवार
जयंती. बाबा निळा फेटा बांधून सकाळीच तयार. यंदा म्हणे दोघं मिरवणूक पाहू, तुले रक्त नाही तर सावलीत उभी राह्यजो.

चौकात पोचलो, ढोल सुरू, अन् फोन. आमच्या ऑफिसातला नेवारे. प्रिंटर, वायरी, कॅमेरे तो पाहते. पन्नाशीचा, भला माणूस, पण सर्व्हरची काळी स्क्रीन दिसली का त्याले घाम फुटते. "मॅडम, लाइट झपकली. म्हैस पडली. सर मायाकडे पाहून राहिले."

बंद दुकानाच्या पायरीवर बसली. लॅपटॉप सोबतच असते, लग्न झालेल्या बाईचं मंगळसूत्र तसं. ढोलाच्या आवाजात म्हैस उठवली. बाबा बाजूले उभे, माझ्यावर सावली करून.

"तुले रिलीव्हर नाही काय वं?"

बाबानं कोराडीच्या पॉवर स्टेशनात बॉयलर पॅनलवर आयुष्य काढलं. तिथं नियम, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, पॅनलपाशी येऊन तोंडानं "घेतला" म्हणत नाही तोवर जागा सोडाची नाही. पोटात मुरडा येवो का घरी बारसं असो. मी लहान असताना बाबा कितीदा दुसऱ्या पाळीले तिथंच थांबले, रिलीव्हरची बस आली नाही म्हणून.

म्हटलं, "तुमचंही तर तसंच होतं न, बाबा."

"हाव. पण रिलीव्हर येत होता. उशिरा येत होता, पण येत होता."

मिरवणूक पुढे निघून गेली होती. रडू आलं. ढोलात कोणाले ऐकू गेलं नाही.

२२ एप्रिल, बुधवार
सरनं उपकार केले. नेवारेले शिकवा म्हणे.

आज नेवारेले म्हशीपुढे बसवलं. बिचारा हात पुसून बसला. म्हणे, "मॅडम, मले लग्नात सप्तपदीलेही एवढी भीती नव्हती वाटली." सगळं सांगतलं. बसवाचे दोन प्रकार, एक सबुरीचा, एक मानगुटीचा. सबुरीनं म्हटलं का ती सगळ्याईचं अर्धं काम आटपून बसते. मानगूट धरली का जागच्या जागी आपटते. मानगुटीचा प्रकार आपला नाही. तीनदा वदवून घेतलं.

अन् मी बाथरूमले गेली. जावंच लागलं, कपडे खराब झाले होते.

परत आली तर नेवारे पांढराफटक. त्यानं सबुरीनं म्हटलं होतं, बरोबर म्हटलं होतं. पण बिलिंगवरचं कोणीतरी पुन्हा बिल उघडं ठेवून गेलेलं, म्हैस उभीच. त्याले वाटलं आपल्या हातून बिघडली. भीतीपायी मानगूट धरली.

मग उठता उठेना. म्हणजे उठून राहिली होती, पण तशी आपटली का आधी ती आपल्याच नोंदी वाचून अर्धवट राहिलेलं जुळवते. त्याले वेळ लागते, मधात बोलाचं नसते. खाली लॅबसमोर रांग. सर दारात उभे राहून नेवारेले नाही नाही ते बोलले, पोट्ट्याले बोलावं तसं. म्हैस उठली, काही गेलं नाही. पण नेवारेनं हात जोडले, "मॅडम, मी प्रिंटर पाहतो. मले माफ करा. माया बापजन्मात आता हात नाही लावत."

घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं. राग कोणावर काढाचा तेही समजून नाही राहिलं.

२९ एप्रिल, बुधवार
रक्त चढवलं. डॉक्टर मॅडम भडकल्या. "तुझं काय चाललंय? तारीख मी देते आता, तू नको सांगूस." तारीख दिली. पुढचा बुधवार.

मी हसली. हसू थांबेचना. त्याईले वाटलं डोकं फिरलं. मेंटेनन्समुळे बुधवारी ऑपरेशनं कमी ठेवते, म्हणून बुधवारी जागा. दुसरा दिवस विचारला, तर त्या नंतर गावाले चालल्या, थेट जून. "जूनपर्यंत थांबशील? मी थांबू देणार नाही."

सरचा निरोप आला, "बुधवारच का, ताई?"

२ मे, शनिवार
आज एक काम केलं. कोणाले न विचारता.

मशीनले अट सांगून टाकली. डिस्क लागल्याशिवाय म्हशीले उठवू नको. अन् आपोआप उठणं पुन्हा सुरू केलं. शिवाय एक बारकी गोष्ट, मशीन बंद करताना ते म्हशीची थोडाच वेळ वाट पाहते, मग स्वतःच मानगूट धरते. तिची सबुरी वाढवली. आता माणसानं फक्त मशीन बंद कराची अन् बटन दाबून सुरू कराची. मधातलं सगळं तिचं तिनं.

हे कागदावर. खरं का खोटं हे बुधवारीच समजन, अन् मी तवा टेबलावर असीन. चुकलं तर पुन्हा पेशंट नंबर एक. नाही केलं तर मी शुद्धीवर येतपर्यंत सगळं हॉस्पिटल आंधळं. इकडे आड, तिकडे विहीर. माझी फाइल, माझा रक्तगट, रक्तपेढीची माझी जुळवणी, सगळं त्याच म्हशीच्या पोटात.

बाबाले सांगतलं. नीट ऐकलं. "तेल नाही आलं तर बर्नर पेटत नाही, तसं?"

हाव, तसंच.

"इंटरलॉक मंग. आमच्याकडे होते." चहा प्याले. मग म्हणे, "त्या दिवशी मी बसतो तिथं."

म्हटलं, बाबा, तुमाले काय समजते त्यातलं?

"मले कुठं हात लावाचा आहे? तो नेवारे बटन दाबन. मी त्याले दुसरं काही दाबू देत नाही. अन् तुले फोन करू देत नाही."

मग पिशवी काढून तपासाले पाठवणार तेही त्याईले सांगतलं. कप धुवून ठेवला, माझाही.

५ मे, मंगळवार
ॲडमिट. हाताले पट्टा बांधला, त्यावर नंबर. मोठा आहे, आकडा लांबलचक. बरं वाटलं पाहून.

सरले लिहून कळवलं काय केलं ते. उत्तर आलं, "हे योग्य नाही, ताई. उद्या सकाळी बोलू." उद्या सकाळी मले पोट साफ कराचं औषध आहे, सर. बोलू काय?

६ मे, बुधवार
सकाळ. पाणीसुद्धा नाही. बाबा आले, इस्त्रीचा शर्ट, ड्युटीले निघाल्यासारखे. सोबत नेवारे, मान खाली.

बाबा म्हणे, "दे चार्ज."

मले हसू येऊन राहिलं होतं पण बाबा हसत नव्हते. मग मी नीट सांगतलं. नेवारेभाऊ, आधी बिलिंगले जाऊन सगळी उघडी बिलं मिटवा. मग मशीन बंद. जनरेटर धरला का बटन. मग हात खिशात. उशीर लागला तरी हात खिशात. लाइन परत येताना पुन्हा हेच.

बाबा नेवारेकडे पाहत उभे. खूप वेळ गेला, सिस्टर येऊन गेली. मग तो हळूच म्हणे, "घेतला."

इतक्या वर्षात हा शब्द मले पहिल्यांदा ऐकू आला.

पंखा थांबला. लाइन गेली. खाली जनरेटर गुरगुरला, पंखा पुन्हा फिरला. सिस्टरच्या टेबलावरची स्क्रीन काळीच. तिले विचारलं, आली का? "मॅडम, तुम्ही आता पेशंट आहात. वही ठेवा." स्ट्रेचर आलं.

६ मे, दुपार
अक्षर वाकडं येऊन राहिलं. कमरेखाली पाय माझे नाहीत. कमरेत सुई दिली होती, तरी मधात झोप लागली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, छान झालं. तपासाले पाठवलं. कधी येते रिपोर्ट ते विचाराचं राहिलं.

सिस्टरचं टेबल इथून दिसत नाही, मधात पडदा. बाबा आले नाही अजून. फोन उशीपाशी आहे, एकदाही वाजला नाही. म्हणजे म्हैस उठली. नाहीतर बाबानं नेवारेचा फोन काढून घेतला. दोन्ही होऊ शकते, बाबाचा काही भरवसा नाही.

कोणीतरी आलं. सरचा आवाज. पडद्याच्या फटीतून दिसून राहिले, सिस्टरशी बोलून राहिले. सिस्टर माझ्या कॉटकडे बोट दाखवून राहिली. सरच्या खांद्यावर काळी बॅग आहे. त्याईच्या डब्याची का त्या 'दोन कमांड'वाल्या लॅपटॉपची, इथून समजत नाही.

वही उशीखाली. डोळे मिटून घेते.